गाळलेला ऊकार

वाशीच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की जंतू झालेत. घरी येईपर्यंत मी त्यातला ऊकार गाळला आणि बायकोला सांगितलं, जंत झालेत. खोटं बोलायचं म्हणजे काहीतरी मोठं रचावं लागतं असा माझा समज होता. मला एक अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही. पायातला ऊकार तेवढा काढला, आणि पुढची नऊ वर्षं त्याचा त्रास माझ्या बायकोने काढला.

हे लिहायला तिची हरकत नाही. तिने मजकूर वाचलाही आहे. अट एकच, नाव कुणाचंही घालायचं नाही, घराचं नाही, गावाचं नाही. दोन ठिकाणी तिने पेन्सिलीने "असं नव्हतं" असं लिहिलं. त्यातलं एक मी सुधारलं.

मी आंब्याच्या बागेवर जगणारा माणूस. हातखंब्याच्या अलीकडे आत वळलं की आमचं गाव. कातळावर सुरुंग लावून, खड्डे पाडून, माती वाहून वडिलांनी कलमं लावली, ती मी राखली. सीझनला माल वाशीला जातो. मालाबरोबर मीही जायचो, एप्रिलपासून मे संपेपर्यंत तिथेच राहायचो. मार्केटाजवळ एक खोली, त्यात आम्ही पाच बागायतदार, पाच वळकट्या, एक स्टोव्ह. रत्नागिरीत मी कोणाशी फार बोलणारा नव्हे. तिथे तर आणखीच नाही.

त्या वर्षी तिथे मी एका बाईकडे गेलो. आधी मी "एकदा गेलो" असं लिहिलं होतं. दोनदा गेलो. सोबत कोण होतं, मन कसं होतं, घरापासून लांब राहणाऱ्या पुरुषाचं काय होतं, यावर मी तीन पानं लिहिली होती. ती फाडली. वाचून पाहिलं तेव्हा कळलं, ती तिन्ही पानं स्वतःला सोडवून घेण्यासाठी होती.

त्यानंतर मध्येच आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, म्हणून चार दिवस घरी येऊन गेलो. परत वाशीला पोचलो आणि लघवीला जळजळ सुरू झाली. उन्हामुळे असेल म्हणून आठवडाभर कोकम सरबत प्यायलो. मग गेलो एकदाचा डॉक्टरकडे. म्हातारे होते, कमी बोलणारे. त्यांनी लघवी तपासायला घेतली, रक्त घेतलं, एचआयव्हीचीही तपासणी करायला लावली. ते नाव ऐकलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती तपासणी चांगली आली, तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हाही चांगली आली. पण जंतू होते. ते संबंधातून लागतात, पुरुषाला कधी त्रास देतात, कधी मुळीच देत नाहीत, बाईला मात्र बहुधा देतात, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, मधल्या काळात घरी गेला होतात का. मी मान डोलावली.

त्यांनी दोन पाकिटं दिली. चौदा गोळ्या माझ्या, चौदा तिच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. "दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या. एकट्याने घेऊन काही उपयोग नाही. आणि तिला सांगा कशाच्या आहेत ते." मी हो म्हटलं. मी हो लगेच म्हणतो, तो माझा जुना दोष आहे.

एकाच वेळी घ्यायला मी घरी जायला हवं होतं. सीझन अर्धा राहिला होता, जळजळ सोसवत नव्हती. माझ्या मी तिथेच संपवल्या, आणि तिचं पाकीट ट्रंकेत शर्टाच्या घडीत ठेवून जूनच्या तोंडावर घरी आलो.

बायकोला पाकीट दिलं तेव्हा ती माळ्यावरून लाकडं काढत होती. कसल्या गोळ्या, असं तिने विचारलं. मी म्हटलं, जंताच्या. तिथल्या पाण्याने माझ्या पोटात जंत झाले होते, डॉक्टर म्हणाले घरीही द्या. ती बरं म्हणाली आणि पाकीट पदराला बांधलं. मला वाटलं, सुटलो.

आमच्या घरातल्या एका रिवाजाचा मला त्या क्षणी विसर पडला होता. जंताचं औषध एकट्याने घ्यायचं नसतं. एकाच्या पोटातले जातात आणि दुसऱ्याच्या पोटातून परत येतात, म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्यायचं, हा आईचा कायदा. आम्ही लहान होतो तेव्हापासून पावसाळ्याच्या आधी ती आम्हाला ओटीवर ओळीने बसवायची. आधी हातावर गुळाचा खडा द्यायची, म्हणजे जंत गोडाच्या वासाने एका जागी गोळा होतात म्हणे, आणि मागून वावडिंगाची पूड. पुढे वावडिंग गेलं, गोळ्या आल्या, गूळ तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेतून आलो तर ओटीवर सभा भरलेली. आई, माझे धाकटे काका आणि बायको. काका आमच्याकडेच राहायचे, लग्न केलेलं नाही, संध्याकाळी काजूची दारू थोडी घ्यायची सवय. मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिला देऊ नका, पोरांना शाळेत वेगळ्या देतात, असं आईनेच सांगितलं, एवढं देवाने वाचवलं. बाकीच्यांची वाटणी झालेली होती. आईला चार, काकांना चार, बायकोला चार. दोन उरल्या होत्या.

"या तुमच्या," बायको म्हणाली. "तुम्ही तिथे घेतल्यात, पण आईंचं म्हणणं, घरच्यांबरोबर परत घ्याव्यात."

आईने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी बसलो, गूळ खाल्ला, गोळी गिळली. दुसऱ्या दिवशी दुसरी गिळली. तेव्हा तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. गूळ मात्र चांगला होता, तेवढं आठवतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना आईने घास खाली ठेवला आणि आमटीचं पातेलं उचलून बघितलं. "कल्हई गेली गो याची," ती सुनेला म्हणाली, "पितळेचा वास मारताय." बायकोने चाखली. तिलाही तसंच लागलं. काका म्हणाले, पातेल्याचं काही नाही, बांगडाच शिळा होता, काल पोहेसुद्धा असेच लागले. पोह्यात बांगडा कुठून आला, असं आईने विचारलं. त्यावरून दोघांचं बराच वेळ चाललं. मला माहीत होतं. वाशीला मी सात दिवस तोंडात लोखंडाचा खिळा धरल्यासारखं जेवलो होतो, त्या गोळीने तसंच होतं. मी खाली मान घालून भात कालवत राहिलो, आणि आईने ते पातेलं खरंच कल्हईला पाठवलं.

काकांची कथा निराळी. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी नेहमीची घेतली आणि अर्ध्या तासात अंगणाच्या दगडी गडग्याला धरून इतके ओकले की शेजारी बघायला आले. छाती धडधडते, तोंड लालबुंद. ती गोळी चालू असताना दारू घेतली तर काहींना असं होतं, डॉक्टर आधीच बजावतात. मला वाशीला बजावलं होतं. काकांना कोण बजावणार? सकाळी ते उठले ते साधू होऊन. म्हणाले, जंत मेले ते जाताना इशारा देऊन गेले. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी थेंब घेतलेला नाही. गावात त्यांना मान मिळतो. माझ्या खोटेपणातून झालेलं हे एवढंच भलं, आणि त्याचंही श्रेय जंतांना गेलं.

बायकोने चौदापैकी चार घेतल्या. महिन्याभरात तिचा त्रास सुरू झाला.

अंगावरून जायला लागलं, पिवळट. खाज यायची, आणि वास. वासाचं तिने मला फार उशिरा सांगितलं. त्याआधी मला दिसायचं ते एवढंच की ती दिवसातून तीन तीन वेळा अंघोळ करते. हळदीकुंकवाला जाणं बंद झालं. एसटीत बसायला जागा असली तरी दाराशी उभी राहायची. शेजारणीने सांगितलं की मेडिकलमध्ये एक किट मिळतं, तीन रंगांच्या गोळ्यांचं, एकदाच घ्यायचं. ते मी आणून दिलं. गावात नको म्हणून हातखंब्याहून आणलं, तेही दर वेळी वेगळ्या दुकानातून. किट घेतलं की पंधरा दिवस बरं असायचं. मग परत तेच. मग परत किट. पुढे पुढे ती जखमा धुवायचं औषध पाण्यात घालून आत धुवायला लागली. जळजळायचं, पण वास जायचा, म्हणून तिला ते खात्रीचं वाटायचं.

मला काय वाटत होतं ते सांगतो. पहिल्या वर्षी मला खात्री होती की हे माझ्यामुळे. तिसऱ्या वर्षी मी स्वतःला पटवलं की इतक्या किटांनंतर माझं काही राहिलं नसेल, आता हे बायकांचं नेहमीचं काहीतरी असेल. मला स्वतःला काहीच होत नव्हतं, तोच मी पुरावा धरला. आणि ती दर वेळी स्वतःलाच बोल लावायची. माझीच प्रकृती उष्ण, म्हणायची. सब्जा भिजवून प्यायची, तीळ बंद, अंडं बंद, आंब्याच्या घरात राहून आंबा बंद. एकदा दुपारी आंब्यांना पेंढा लावता लावता ती सहज म्हणून गेली, "तुम्हालाही माझ्यापायी किती सोसावं लागतं." मी पेटीत आंबा ठेवला. दुसरा उचलला. एवढंच केलं मी.

अखेर हे मोडलं मुलीने. ती आता दापोलीला शेतकी शिकते. दिवाळीला आली होती, तिने कपाटात आईच्या साड्यांखाली किटांची रिकामी पाकिटं पाहिली. तिने बाहेर येऊन आम्हा दोघांना असं झापलं की काका उठून गोठ्यात गेले. न तपासता, वर्षानुवर्षं, डोळे मिटून अँटिबायोटिक? कलमाला काय रोग आहे ते न बघता तुम्ही कधी फवारणी करता का, असं तिने मला विचारलं. नाही करत, मी म्हटलं. मग, ती म्हणाली, आईला कलमाएवढी तरी किंमत द्या.

रत्नागिरीला एक डॉक्टरीणबाई आहेत, बायकांच्या आजाराच्या. वयाने आमच्याहून बऱ्याच लहान. त्यांनी बायकोला आत नेऊन तपासलं, काचपट्टीवर नमुना घेतला आणि बाजूच्या टेबलावरच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मला बाहेर बसवलं होतं. पाच मिनिटांनी आतून बायकोचा आवाज आला, आणि त्यात मला कौतुक ऐकू आलं. बाई तिला म्हणाल्या होत्या, बघायचंय का तुम्हाला? आणि ही बघत होती.

मला आत बोलावलं तेव्हा ती अजून एक डोळा मिटून त्या नळीला चिकटलेली. "अहो, हलतंय बघा ते," ती म्हणाली. "शेपट्या आहेत त्याला. बेडकाच्या पिल्लासारखं."

मी बघितलं नाही. मला चष्म्याचं निमित्त होतं.

बाईंनी समजावलं ते मी लक्ष देऊन ऐकलं, कारण त्यांनी माझ्या भाषेत सांगितलं. मला विचारलं, तुम्ही बागायतदार ना? कलमांखाली दर वर्षी तणनाशक मारत राहिलात, जमीन पार उघडी केलीत, तर आधी काय उगवतं? मी म्हटलं, रानमोडी. आणि गवत? गवत मागाहून, मी म्हटलं, आलं तर. तसंच झालंय, त्या म्हणाल्या. बाईच्या त्या भागात चांगल्या जंतूंची एक वसाहत असते, जन्मभराची सोबत. ते तिथे आंबटपणा राखतात, त्या आंबटपणात दुसऱ्या कुणाला मूळ धरता येत नाही. किटांमधल्या गोळ्यांतली एखादी लागू पडणारी होती, पण बाकीच्या गरज नसताना पोटात गेल्या. त्यात आत धुण्याचं ते औषध. गवत सगळं गेलं, आणि उघड्या जागेवर जे नको ते माजलं. शिवाय हा शेपटीवाला. तो तर या वसाहतीतला नव्हेच, तो बाहेरून आलेला.

बायकोने लगेच विचारलं, चांगले जंतू आंबट असतात तर दही लावू का? बाई हसल्या. दही भाताबरोबर खा, म्हणाल्या. तिथे काही लावायचं नाही, आत काही घालून धुवायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरे. मी देते ती गोळी या शेपटीवाल्याला मारते आणि चांगल्यांना फारसा हात लावत नाही. ती संपली की गप्प बसायचं. वसाहत बहुतेक वेळा आपली आपण परत येते. वेळ लागतो, आणि लेखी हमी मी देणार नाही.

मग त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक तिची, एक माझी.

"यांना कशाला?" बायकोने विचारलं. "यांना काही होत नाही."

पुरुषांना बऱ्याचदा काही होत नाही, बाई म्हणाल्या, पण ते त्यांच्यात बसून राहतं. तुम्ही किट घेऊन बऱ्या झालात की त्यांच्याकडून तुम्हाला परत. दोघांनी एकाच वेळी सात दिवस घ्यायची, आणि तोवर संबंध नाही.

बायको दोन्ही चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, एसटी स्टँडच्या संडासातून लागलं असेल. बाईंनी चिठ्ठीवरून मान वर केली नाही. संडासातून हे बहुतेक लागत नाही, त्या म्हणाल्या, हे संबंधातूनच लागतं. पण कधी लागलं आणि कुणाकडून कुणाला, ते काचेवर दिसत नाही आणि मी विचारत नाही. मला गोळ्या पुऱ्या झालेल्या हव्यात.

मला तेव्हा कळलं की त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलंय. मी एक शब्द बोललो नाही तरी चालणार होतं. गोळ्या घ्यायच्या, सात दिवस काढायचे, बायको बरी होणार. नऊ वर्षांनी, न मागता, अशी सवलत मिळाली होती.

आम्ही औषधं घेतली आणि स्टँडवर आलो. ती बाकावर बसली. बसायला जागा असताना ती बसली, हेच मला नवीन होतं. गाडीला वेळ होता. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मग म्हणाली, "मी कुठे गेले नाही हो. देवाशपथ. तुम्ही सीझनला तिकडे असायचात तेव्हाही नाही. तुम्ही तसलं काही मनात आणू नका."

तिला भीती होती की मी तिच्यावर संशय घेईन.

ते दार मग मला वापरता येईना.

"तुझ्याकडून नाही," मी म्हटलं. "माझ्याकडून. वाशीला. मुलगी पाचवीत होती त्या वर्षी. मी तुला गोळ्या आणून दिल्या होत्या त्या जंताच्या नव्हत्या."

"मग?"

"जंतूच्या होत्या. याच होत्या. सगळ्या तुझ्या एकटीच्या होत्या."

फलाटावर गाड्यांची नावं पुकारली जात होती. चिपळूण, देवरुख, लांजा. ती हिशोब जुळवत होती, मला ते तिच्या चेहऱ्यावर एकेक करून दिसत होतं.

"आईंनी चार खाल्ल्या त्या?"

"हो."

"काकांनी?"

"हो."

"आणि तुम्ही माझ्यासमोर मांडी घालून गूळ खाल्लात."

"हो."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. ती हसते आहे असं मला वाटलं, आणि मला आजही वाटतं की ती हसली. इथे तिने पेन्सिलीने "असं नव्हतं" लिहिलंय, आणि हे एकच मी सुधारलेलं नाही. मग तिने पदर तोंडाला लावला. मी माफी मागितली. कशी मागितली ते नीट आठवत नाही, लांबत गेली एवढं आठवतं, कारण ती मध्येच म्हणाली, पुरे. तिने औषधाची पिशवी उघडली, माझं पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं, तिचं आपल्या पर्समध्ये घातलं.

"या तुमच्या. कुणाला वाटू नका."

आणि उठून दापोलीच्या गाडीत चढली. तिची बहीण तिकडे दापोलीजवळ आंजर्ल्याला दिलेली आहे. अंगावरच्या साडीनिशी गेली. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो, तर तिने काच लावून घेतली.

संध्याकाळी सात वाजता फोन वाजला.

"घेतली?"

"घेतली."

फोन बंद. सकाळी सातला पुन्हा. घेतली? घेतली. असे दोन दिवस गेले. ती परत येणार की नाही हे विचारायची मला हिंमत नव्हती, आणि त्या एका शब्दावरून काही कळत नव्हतं. पण वेळेत चुकत नव्हती. मी सातला पाच कमी असताना पाण्याचा तांब्या घेऊन फोनसमोर बसायचो.

तिसऱ्या दिवशी आईने पकडलं. तिचं ऐकू येणं आता कमी झालंय, डोळे मात्र त्या ऑपरेशनापासून पक्के. कसल्या गोळ्या रे, तिने विचारलं. मी ठरवूनच टाकलं होतं, आता कुणालाही खोटं सांगायचं नाही. म्हटलं, जंतूच्या.

आईने हात पुढे केला. "मला पण दे. गूळ आण आतून."

मग मला तिच्या शेजारी बसून, कानाजवळ तोंड नेऊन, सगळं सांगावं लागलं. बायकोला सांगताना जेवढा घाम फुटला नव्हता तेवढा तेव्हा फुटला, कारण मोठ्याने सांगावं लागत होतं. आईने ऐकून घेतलं. मला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. सुनेच्या नऊ वर्षांबद्दल दोन शब्द बोलली, तेही लिहीत नाही. 

"काकांना बोलू नको यातलं काय," ती शेवटी म्हणाली. "परत प्यायला लागतील."

चौथ्या संध्याकाळी फोनवर एक शब्द वाढला. "घेतली? जेवलात?" पाचव्या दिवशी तिने तोंडात लोखंड येतंय का विचारलं. येतंय, म्हटलं. मलाही, ती म्हणाली, आणि फोन ठेवण्याआधी थोडी थांबली. सहाव्या दिवशी आईने फोन हिसकावून घेतला आणि सुनेला सांगितलं की मी याला बोलायचं ते बोललेय, तू तुझं निराळं बोल, पण घरी येऊन बोल. तिकडून काय उत्तर आलं ते आईने मला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी ती दुपारच्या गाडीने आली. मी नाक्यावर उभा होतो. तिने पिशवी माझ्या हातात दिली. बहिणीला काय सांगितलंस, असं मी विचारलं. हवापालट, ती म्हणाली. वाटेत तिने स्पष्ट केलं की माफ वगैरे केलेलं नाही, त्याचं काय ते ती सवडीने बघेल, मी रोज रोज विचारायचं नाही. मी विचारत नाही. वाट बघतो.

तीन महिन्यांनी आम्ही तपासणीला गेलो. काचेवर शेपटीवाला नव्हता. बाईंनी या वेळी मलाही बघायला लावलं, आणि मी चष्मा काढून बघितलं. चांगले जंतू असतात ते काड्यांसारखे दिसतात. अजून दाट नाहीत, त्या म्हणाल्या, पण आलेत. बायकोने दोनदा बघितलं. बाहेर आल्यावर तिने पेरू घेतला आणि एसटीत खिडकीशी बसून खाल्ला, शेजारी एक अनोळखी बाई बसली तिलाही अर्धा दिला. हळदीकुंकवाला ती आता असते, आणि बोलावणं आलं नाही तर रागावतेही.

या सीझनला पेट्या भरायला लागलो तेव्हा मी वाशीला जायची तयारी काढली नव्हती, आणि विषयही काढला नव्हता. तिनेच काढला. म्हणाली, मी जाते. मुलीची परीक्षा संपलीय, ती येईल सोबत, लेडीज वसतिगृहात खोली बघितलीय तिने. मार्केटातलं तुला काय कळतं, असं मी म्हणणार होतो. पण एवढी वर्षं आंब्याला पेंढा तिनेच लावलेला आहे, वास घेऊन कुठला कधी पिकेल ते ती माझ्याहून बरोबर सांगते. बरं, म्हटलं. या वेळचं माझं हो खरं होतं.

आता घर माझ्याकडे आहे. आईची औषधं, काकांचा चहा, गुरं. भात कधी लागतो, कधी चिकट होतो. तिचा फोन सकाळी येतो, लिलाव झाल्यावर. परवा सांगत होती, तिथल्या जुन्या दलालाने तिला बघून विचारलं, वहिनी, या वर्षी तुम्ही कशा? मालक कुठे?

मी धास्तावून विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"खरं तेच सांगितलं," ती म्हणाली. "घरीच असतात. त्यांना बाहेरचं सोसत नाही."